डूला बोलवू की काकूला नेऊ?

पत्र आलंय जांबोटीकडच्या एका लेकीचं. थोडं कापून देतेय, बाकी तिच्याच शब्दांत:

"ताई, माहेर जांबोटीच्या पुढं, सासर बेळगावात वडगावला. पहिलंच आहे, सातवा लागलाय, तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली दिलेय. मिस्टर पुण्यात कंपनीत असतात, त्यांच्या ऑफिसातल्या एकीनं डिलिव्हरीला डूला ठेवली होती म्हणून ते मागं लागलेत की आपण पण बघूया. सासूबाई म्हणूलालेत आम्ही चार बाळंतपणं केली, हात धरायला पैसे देऊन बाई आणलेली कुणी बघितली नाही, अन् परकी बाई त्या खोलीत कशाला. आईला न्यावं तर आईला बीपी, बहिणीच्या वेळी तीच बाहेर बसून रडत होती, शेवटी सिस्टरनी तिलाच पाणी दिलं. एक धाकटी काकू आहे अनगोळला, तिच्या दोन्ही नॉर्मल, कन्नड पण फाडफाड बोलते, पण तिला नेलं तर आईला वाईट वाटणार. मला कन्नड कळतं, बोलायला येत नाही. ही डूला नेमकं करते काय? घरीच करते का सगळं सुईणीसारखं? तिच्यामुळं सिझर टळतं का? की नुसतं फॅड आहे?"

अगं, डूला म्हणजे बाळंतपणात सोबतीला राहणारी पगारी बाई. फॅड नाही. पण तुला डूलाच पाहिजे असं पण नाही. तुला पाहिजे एक बाई, जी कळा सुरू झाल्यापासून बाळ तुझ्या अंगावर येईपर्यंत तुझ्याजवळून हलणार नाही आणि त्या वेळेत जिला दुसरं कुठलंच काम नसेल. ती पगारी असू दे नाहीतर घरची असू दे, ते आपण पुढं बघू.

आधी डूला काय करत नाही ते सांगते, कारण सगळ्यांचा घोळ तिथंच होतो. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, इंजेक्शन देत नाही, नाळ कापत नाही, डॉक्टरांच्या बदल्यात निर्णय तर अजिबात घेत नाही. म्हणजे सुईण नव्हे आणि नर्स पण नव्हे. बाळंतपण दवाखान्यातच होतं, डॉक्टर नर्स त्यांचं काम करतात, ही फक्त तुझ्यासाठी असते. सातव्या-आठव्यात एकदोनदा भेटून बसते, तुला भीती कशाची वाटते ते काढून घेते, कळा कशा येतात कशा जातात ते सांगते, श्वास, बसायच्या उठायच्या पद्धती करून घेते, नवऱ्याला पण शिकवते. कळा लागल्या की येते आणि शेवटपर्यंत थांबते, बाळ झाल्यावर पहिलं दूध पाजायला मदत करते, चारआठ दिवसांनी परत एकदा येऊन जाते. एवढंच. ऐकायला काहीच वाटत नाही ना?

पण मी लेबर रूममध्ये नोकरी केलेली बाई आहे, मला विचारशील तर हे "काहीच नाही" तिथं सगळ्यात कमी मिळतं. सिस्टर वाईट असतात असं नव्हे गं. एका सिस्टरकडं तीनचार पेशंट, त्यात रजिस्टर भरायचं, एकीला सलाईन, दुसरीचे ठोके, तिसरीला टाके घालायला डॉक्टरांना सामान द्यायचं, ती तुझ्याकडं येणार, तपासणार, "पिशवीचं तोंड तीन बोटं उघडलंय, अजून वेळ आहे" म्हणणार आणि जाणार. तिच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललंय. पण कॉटवर पडलेल्या पोरीला ते "अजून वेळ आहे" म्हणजे किती ते कळत नाही, शेजारच्या पडद्यामागं कुणीतरी ओरडत असतं, अन् तिला वाटतं आता आपलं पण असंच होणार. भीती बसली की अंग आवळतं, ॲड्रिनॅलिन वाढतं, ज्या ऑक्सिटोसिननं कळा येतात त्याचं काम मंदावतं, कळा विस्कटतात आणि दुखतं मात्र जास्त. मग कळा वाढवायचं इंजेक्शन लावायची वेळ येते. जवळ कोणीतरी असलं की ही गाडी तिथपर्यंत जाण्याची शक्यता कमी होते.

एकदा चंदगडकडची एक पोर आली होती, सोबत तिची आत्या, नऊवारी नेसलेली, तोंडानं जास्त बोलणारी नव्हे. पोर कमरेतल्या कळांनी अगदी गळून गेलेली, कमरेतल्या कळा फार वाईट. आत्यानं काय केलं, पोरीला कुशीवर वळवलं, माकडहाडाच्या वर जो सपाट भाग असतो ना तिथं तळहाताची टाच ठेवली, कोपर ताठ केलं आणि कळ आली की अंगाचा भार हळूहळू त्यावर टाकायचा, कळ उतरली की भार काढायचा. आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य, "गेली बघ, ही पण गेली." दुसरं काही नाही, धीर धर नाही, रडू नको नाही. मधल्या वेळेत चमच्यानं पाणी, ओल्या फडक्यानं मान पुसायची, तासदीड तासानं लघवीला घेऊन जायची. ते लघवीचं तर नवीन सोबतीणींच्या लक्षातच येत नाही, लघवीची पिशवी भरलेली असली की बाळाचं डोकं खाली यायला अडतं. त्या आत्यानं डूलाचं नाव जन्मात ऐकलं नसणार. पण ती करत होती ते अगदी तेच काम होतं, मी पुढच्या बॅचच्या पोरींना ते बघायला बोलवलं होतं.

आता अभ्यासाचं विचारशील, कारण मिस्टर कंपनीवाले आहेत, त्यांना आकडे लागणार. ग्वाटेमालात एका दवाखान्यात लेबर रूममध्ये घरच्या कुणालाच सोडत नव्हते, तिथं काही बायकांजवळ एकेक ओळखीची ना पाळखीची बाई फक्त सोबतीला बसवली, तिला वैद्यकीय शिक्षण वगैरे काही नव्हतं. दवाखान्यात आल्यापासून बाळ होईपर्यंतचा वेळ सोबत असलेल्यांचा सरासरी 8.8 तास निघाला, एकट्या असलेल्यांचा 19.3 तास. हे 1980 साली छापून आलं, डॉक्टर केनेल आणि क्लाउस त्यात होते, आणि त्याच दोघांनी पुढं 1992 मध्ये डूलांची संघटना काढायला हात लावला. एवढा मोठा फरक नंतरच्या मोठ्या अभ्यासांत दिसला नाही हे पण सांगते, नाहीतर व्हॉट्सॲपवर दहा तास वाचतात म्हणून फिरेल. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या 2017 च्या आढाव्यात 17 देशांतले 26 अभ्यास, 15 हजारांवर बायका. त्यात सतत सोबत असलेल्यांची बाळंतपणं साधारण 40 मिनिटांनी लवकर झाली, सिझर कमी झाली, दुखण्याचं औषध कमी लागलं, आणि "माझं बाळंतपण फार वाईट गेलं" म्हणणाऱ्या कमी निघाल्या. सासूबाई "परकी बाई" म्हणतात ना, तर सिझर कमी होण्यात जास्त फरक अशा बाईनं पडलेला दिसला जी दवाखान्याची पण नव्हती आणि नात्यातली पण नव्हती. घरचं माणूस असलं की बायका जास्त समाधानी असतात असं पण त्यातच आहे.

म्हणजे सिझर टळतं का? शक्यता कमी होते, टळतं असं कुणी सांगू नये. बाळ आडवं असलं, वार तोंडावर असली, ठोके उतरायला लागले तर जगातली सगळ्यात भारी डूला उशाशी बसली तरी सिझर करावंच लागतं, आणि करावंच. "माझ्याकडं नॉर्मलची गॅरंटी" म्हणणारी डूला भेटली तर चहा पिऊन परत ये. आणि एक गोष्ट लोक विचारतच नाहीत, दवाखाना कुठला घेतला त्याचा सिझरशी किती संबंध आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभर सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के सिझर होती, खासगीत 47.4. आता अवघड केस कुठं जातात, कोण स्वतःहून सिझर मागतं, असली पण कारणं त्यात असतात, पण तुझ्या डॉक्टरना सरळ विचार की तुमच्याकडं पहिलटकरणींची किती टक्के सिझर होतात. चिडले तर तेही उत्तरच.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. चार बाळंतपणांत जवळ कोण होतं तेवढं विचार, जाऊ असेल, शेजारीण असेल, सुईण तर होतीच, आणि पैसे नाही तरी सुईणीला लुगडं-चोळी जायचीच की. मात्र त्या काळाचं मला कौतुक पण करायचं नाही, तेव्हा घरच्या घरी रक्त जाऊन बायका गेल्यात, प्रत्येक गावात एखादं नाव तरी निघतं. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात खेड्यांतल्या 1620 बायकांवर अभ्यास झाला होता, बाळ झाल्याबरोबर आरोग्य केंद्राच्या सिस्टरनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर जास्त रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला, 2006 ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापलं होतं, जगात अजून त्याचं नाव घेतात. गोळी कोणी दिली? शिकलेल्या सिस्टरनं. म्हणून सोबत पाहिजे आणि सिस्टर पण पाहिजे, घरी डूला बोलवून भागवूया हा विचार मनात आला असेल तर आत्ताच काढून टाक.

आता काकू. मला विचारशील तर पत्रातच उत्तर होतं, तू फक्त परवानगी मागूलालीस. काकूच. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्रानं 2016 लाच सांगून ठेवलंय की बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू दे, स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असावी, कसला संसर्ग नको, कपडे स्वच्छ, सिस्टरच्या कामात हात घालायचा नाही आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईकडं लक्ष द्यायचं नाही (हे शेवटचं आपल्या बायकांना फार जड जातं, मला माहितेय). पडद्याची वगैरे नीट सोय असली तर नवऱ्याला पण सोडतात. खासगीत ज्याचा त्याचा नियम, तिथं आत्ताच विचारायचं, कळा लागल्यावर दारात भांडायचं नाही.

कन्नडचं पण तिच्यामुळं सुटतं. बेळगावात मराठी बहुतेकांना कळतं खरं, पण रात्री दोनला ड्युटीवर बागलकोट विजापूरकडची नवीन सिस्टर असली तर ती घाईत कन्नडच बोलणार, त्यात तिचा काय दोष, आणि कळेच्या भरात तुला तुझी मराठी पण धड सुचणार नाही. सहीचा कागद कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये येतो, काकू विचारेल की बाई ही सही कशाला, आत्ता लगेच पाहिजे का थोडं थांबलं तर चालेल. तू एवढं पाठ करून ठेव, नोवू म्हणजे दुखणं, नीरू म्हणजे पाणी, उसिरु म्हणजे श्वास. सिस्टर उसिरु उसिरु म्हणाली तर रुसू नकोस, ती श्वास सोड म्हणतेय.

आईला काय सांगायचं? खरं सांगायचं. "आई, तुझं बीपी वाढलं तर माझं लक्ष तुझ्याकडं लागणार." यात कमीपणा नाही, स्वतःच्या पोटच्या पोरीला तसं तळमळताना बघणं सगळ्यांना जमत नाही, मोठमोठ्या डॉक्टरणी पण आपल्या लेकीच्या वेळी बाहेर थांबतात. काकूनं पहिल्यांदा बोलायचं नाही, तूच बोल. आणि आईला नंतरचे दीड महिने आहेत की, शेक, मालीश, हळिवाची खीर, रात्री बाळ धरणं, तिथं काकू कामाची नाही, आईच पाहिजे.

पण आई जांबोटीला नव्हे हं. पहिलं बाळंतपण माहेरी ही पद्धत मला मान्य, पण जुलैत? तिकडचा पाऊस मी सांगायला नको, झाड आडवं पडलं, ओढ्याला पाणी आलं की 108 ची गाडी कुठं अडकेल सांगता येत नाही, आणि फोनला रेंज असली तर गाडी बोलवणार ना. 37 वा आठवडा लागला की वडगावलाच राहा, आईला तिकडं बोलव, सासूबाईंना हे पटेल. बाळ-बाळंतीण दोघं धडधाकट झाली, पाऊस उघडला की खुशाल माहेरी जा, बारसं तिकडं करा.

वडगावला असलीस की आणखी एक फायदा, सुरुवातीच्या कळा घरी काढता येतात. पहिलटकरणीला सुरुवात फार लांबते, अर्धा दिवस पण जातो, कधी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या नियमात खरी जोराची कळ पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यापासून धरतात, तिथून पुढं पहिल्या खेपेला तोंड पूर्ण उघडणं साधारण 12 तासांच्या आत होतं. त्याच्या आधीच जाऊन ॲडमिट झालं की सगळे घड्याळ बघत बसतात. तेव्हा कळा लागल्या की आधी दवाखान्यात फोन, काकूला फोन, ती येईपर्यंत जेव थोडं, फिर, आंघोळ कर, झोप लागली तर झोप. पण पाणी गेलं, रक्त गेलं, पाणी हिरवट दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, ताप आला, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, किंवा तारखेच्या तीनचार आठवडे आधीच कळा आल्या, तर फिरत बसायचं नाही, तडक निघायचं.

काकूला काय करायचं ते वर आत्यानं दाखवलंच. काय करायचं नाही तेवढं सांग. पोट दाबायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. एरंडेल, तूप पाजायचं नाही. सिस्टर सांगेपर्यंत "जोर लाव, जोर लाव" ओरडायचं नाही, पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर लावला की नुसती दमणूक आणि सूज. आडवंच पडायचं झालं तर उताणं नको, डाव्या कुशीवर, उताणं झोपलं की पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि बाळाला रक्त कमी पोचतं. डॉक्टर नको म्हणत नसतील तर पाणी, ताक, पेज चालू ठेवायची. आणि तिच्या मोबाईलवर घरच्यांचे फोन घ्यायचे नाहीत, बाहेर एक माणूस ठरवा, सगळ्यांना तो सांगेल, नाहीतर वडगाव ते जांबोटी सगळे "झालं काय" विचारत बसतात आणि काकू उत्तरं देत बसते.

तरी मिस्टरांना डूला पाहिजेच असेल तर माझं म्हणणं ऐक. बहुतेक ठिकाणी आत एकालाच सोडतात. त्या एका जागेवर काकूला ठेव आणि डूलाला आधी वापर. आठव्या-नवव्यात दोन बैठका घ्या, तू आणि काकू समोर, मिस्टर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. हात कुठं ठेवायचा, कमर कशी दाबायची, श्वास कसा सोडायचा हे काकूच्या हाताला बसलं पाहिजे, नुसतं ऐकून नव्हे, करून. फी पण तेवढ्याचीच द्यावी लागेल. डूला शोधताना एवढं बघ, आपल्याकडं डूलासाठी सरकारी नोंदणी वगैरे काही नाही, कुणीही कोर्स करून बोर्ड लावू शकतं, म्हणून किती बाळंतपणांत प्रत्यक्ष बसलीस ते विचार, ज्यांच्याबरोबर बसली त्यांच्यापैकी एकदोघींशी बोल, पैशाचं लिहून घे. आणि मुद्दाम विचार, डॉक्टर सिझर म्हणाले तर तू काय करतेस? "मी तुमच्याबरोबर ऑपरेशनच्या दारापर्यंत येते आणि बाहेर आल्यावर दूध पाजायला बसते" असं काहीतरी म्हणाली तर चांगली. डॉक्टरांना शिव्या घालायला लागली तर नको.

मिस्टरांनी तारखेच्या आसपास रजा टाकून ठेवायची, पुण्याहून निपाणीपर्यंत आलो म्हणून फोन करणारे नवरे मी खूप बघितलेत. आत सोडलं नाही तरी बाहेर रक्ताची सोय, कागद, गाडी, आणि दोन्हीकडच्या मंडळींना आवरणं, हे काम कमी नाही.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा काकूला बरोबर ने, तायी कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्या लिहितात ते) घे, आणि लेबर रूमच्या सिस्टरना दोघींनी मिळून विचारा: सोबतीणीला आत सोडता का, बाळ होईपर्यंत राहू देता का नुसतं अधूनमधून, चपला-गाऊन काय लागतं, कळांत उठून फिरू देता का, आणि बाळ ठीक असेल तर पहिल्या तासातच अंगावर ठेवून दूध पाजू देता का. काय म्हणाल्या ते मला कळव. नाही म्हणाल्या तर अजून दोन महिने हातात आहेत, दुसरा दवाखाना बघता येईल.